सरळ कंस लिहू द्या ना!

जावा या प्रोग्रामिंग भाषेत साधा अ‍ॅरे, म्हणजे एकाच प्रकारच्या मूल्यांची रांग, बनवायचा म्हटलं तरी डोकं फिरतं. व्हेरिएबल (मूल्य ठेवायचं नाव) जाहीर करताना महिरपी कंसात एक, दोन, तीन लिहिलं की चालतं. पुढच्याच ओळीत त्याच व्हेरिएबलला तसाच दुसरा अ‍ॅरे द्यायला जा, कंपायलर (कोड तपासून त्याचं भाषांतर करणारा प्रोग्राम) अडवतो: ‘इल्लीगल स्टार्ट ऑफ एक्स्प्रेशन’. का? कंस तेच, आकडे तसलेच, टाइपही, म्हणजे मूल्यांचा प्रकारही, त्याला ठाऊक आहे! तरी पुन्हा ‘न्यू इंट’ (इंट म्हणजे पूर्णांक), मग चौकोनी कंस, मग महिरपी. मेथडला, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या कोडच्या तुकड्याला, तीन आकडे पाठवायचे तरी हेच पाल्हाळ.

बरं, अ‍ॅरेऐवजी लिस्ट घ्यावी तर ती बनवायला ‘अ‍ॅरेज डॉट अ‍ॅजलिस्ट’. त्यात इंटचा अ‍ॅरे टाकला की अख्खा अ‍ॅरेच एक घटक होऊन बसतो. आकडे शंभर असोत, साइझ विचारा, उत्तर एक! ‘लिस्ट डॉट ऑफ’ यायला २०१७ उजाडलं, जावा ९ मध्ये. आणि त्या न बदलणाऱ्या लिस्टमध्ये ‘अ‍ॅड’ने नवा घटक टाकला की कंपाइल बिनबोभाट होतं, एक्सेप्शन (प्रोग्राम अडवणारी चूक) फुटतं ते प्रोग्राम चालू असताना. आधी सांगायला काय झालं होतं?

ज्या पीएचपी भाषेला सगळे नावं ठेवतात, तिने २०१२ मध्येच, ५.४ आवृत्तीत, अ‍ॅरेसाठी नुसते चौकोनी कंस चालू केले. सी शार्पनेही २०२३ मध्ये तेच केलं. पायथनवाल्यांना तर हा प्रश्नच कधी पडला नाही. मग आम्हीच का म्हणून हे सोसायचं? कोड तपासायच्या टेस्टमध्ये चार ओळींचा डेटा द्यावा, तर आकडे शोधावे लागतात, ‘न्यू’ मात्र जिकडेतिकडे!