उपकर भरा, उपकार माना

इंदुरात राहून मराठी लिहायचं म्हणजे पहिल्या शब्दालाच अडतं. 'आमदार' म्हटलं की लोकांना वाटतं, मुंबई-नागपूरकडचं काहीतरी चाललंय. आपल्याकडे असतात ते विधायकजी. त्यातला 'जी' गाळू नये. गाळला की नर्मदेच्या पाण्याची लाइन पुढच्या गल्लीतून वळते.

तर राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, टिळकनगर, सुदामानगर इथल्या समस्त मराठी मंडळींनो, सकाळी पोहे-जिलबी खाऊन वर्तमानपत्र उघडायचं आणि तिसऱ्या पानापर्यंत रक्तदाब चढवून घ्यायचा, ही सवय आधी सोडा. रक्तदाबाच्या गोळ्यांना कार्ड चालत नाही. ते पुढे येईलच. त्याऐवजी विधायकजींचं अर्थशास्त्र शिका, ते अंगी बाणवा. मी शिकलो. आता मला झोप लागते.

कोणते विधायकजी, हे विचारू नका. गेल्या वीस वर्षांत गणपतीच्या मांडवात, क्लिनिकच्या फितीपाशी आणि तेराव्याच्या जेवणात जे जे विधायकजी ऐकले, त्या सगळ्यांचा मी एक काढा केला आहे. पक्ष कोणता, तेही विचारू नका. काढ्यात तुळस कुठली आणि सुंठ कुठली हे उकळल्यावर कळत नाही.

पहिला धडा व्याकरणाचा. आयकर भरत असाल तर त्या करावर आणखी 4 टक्के भरता. त्याचं नाव 'आरोग्य व शिक्षण उपकर'. 2018च्या अर्थसंकल्पापर्यंत तो 3 टक्के होता आणि नुसता शिक्षणाचा होता. मग नावात आरोग्य आलं आणि एक टक्का वाढला. तुमचं आरोग्य जितकं वाढलं असेल तितकं असेल, टक्का नक्की वाढला. हा उपकर राज्यांच्या वाटणीत येत नाही, तो दिल्लीतच मुक्काम करतो. असे सगळे उपकर, कर, अधिभार फिरून फिरून, दमून-भागून, भोपाळला दोन दिवस थांबून एखाद्या बॅनरवर चढतात आणि तुमच्या गल्लीत येतात, तोवर त्यांना एक काना फुटलेला असतो. तुम्ही दिला तो उपकर. तुम्हाला मिळाला तो उपकार. मधला काना विधायकजींचा. एवढ्याशा कान्यासाठी माणूस पाच वर्षं राबतो, ही काय लहान गोष्ट आहे?

आता कर कोण भरतो, याविषयी. गेल्या गणपतीत आरतीनंतर विधायकजी माइकवर म्हणाले, "भिया, इस देश में टैक्स देते कितने लोग हैं? मुट्ठीभर! बाकी सब मुफ्त का खा रहे हैं." आम्ही टाळ्या वाजवल्या. तुम्हीही वाजवा. मांडवाबाहेर फुगे विकणारी बाई तेवढ्यात मोबाइल रिचार्ज करत होती आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागत होता, हे बघायचं नाही. तिच्या नवऱ्याच्या लोडिंग रिक्षातल्या डिझेलवर राज्याचा व्हॅट आहे, हेही नाही. विधायकजींच्या शास्त्रात कर म्हणजे फक्त जो फॉर्म भरून दिला जातो तो. साबणातून, काडेपेटीतून, रिचार्जमधून जातो तो श्वासासारखा. श्वास कुणी मोजतं का?

इथे कुणी चावट वाचक विचारील, मंत्र्यांच्या आयकराचं काय? विचारू नका, गप्प बसा. 1972च्या एका नियमानुसार मध्य प्रदेशात मंत्र्यांच्या पगार-भत्त्यांवरचा आयकर सरकारच भरत असे. जून 2024 मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं की आता ज्याचा त्यानं भरावा. बावन्न वर्षं! आपल्या घरात म्हातारी गेली तरी तिच्या नावाचं दूध इतकी वर्षं कुणी चालू ठेवत नाही. पण याचा अर्थ उलटा लावू नका. त्या बावन्न वर्षांत त्यांनी स्वतः कर भरण्याचा अनुभव घेतला नव्हता, म्हणूनच त्यांना करदात्याविषयी इतकं निर्मळ, निःपक्षपाती बोलता येत असे.

रेवडीविषयीही एकदाच समजून घ्या. समोरच्या पक्षानं वाटली तर ती रेवडी. त्यानं दात किडतात, खजिना किडतो, तरुण पिढी आळशी होते. आपल्या पक्षानं वाटली तर तो सन्मान. राज्याच्या लाडली बहना योजनेत बायकांना 2023 साली महिन्याला 1,000 रुपये मिळत, मग 1,250, आणि नोव्हेंबर 2025 पासून 1,500. हे पैसे बायका घरात वापरतात, मुलांच्या फीला लावतात, सासूला न सांगता डॉक्टरकडे जातात. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. फक्त राज्याचा 2025-26चा अर्थसंकल्प सव्वाचार लाख कोटींच्या आसपास होता आणि डोक्यावरचं कर्जही चार लाख कोटींच्या पुढे, असं कुणी म्हणालं तर विधायकजींसारखं हसून सांगा, "कर्ज़ उसी को मिलता है जिसकी साख होती है." मी हे वाक्य आमच्या किराणावाल्यावर वापरून पाहिलं. त्यानं वही मिटली.

आता मूळ विषय. आजारी कसं पडावं.

विधायकजींचं मत स्वच्छ आहे: पाच लाखांचा इलाज फुकट आहे, आता आणखी काय हवं? आयुष्मान भारत योजना सप्टेंबर 2018 पासून आहे, कुटुंबामागे वर्षाला 5 लाख. पैसे दिल्ली 60 आणि भोपाळ 40 अशा वाटणीनं देतात. बॅनरवरचा फोटो मात्र शंभर टक्के स्थानिक. आणि हे उपरोधानं म्हणत नाही, योजना पोकळ नाही. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला याच योजनेच्या कार्डावर स्टेंट बसला. आज तो माझ्या सदऱ्याची कॉलर जाळतो, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

पण कार्ड आहे म्हणून कसंही आजारी पडू नका. या योजनेला भारदस्त आजार आवडतात. यादीत एकोणीसशेहून अधिक उपचार आहेत आणि त्यासाठी भरती व्हावं लागतं. रोजची साखर, रोजचा रक्तदाब, थायरॉइड, दम्याचा पंप, रांगेत बसून डॉक्टरला दाखवणं आणि पर्चा घेऊन घरी येणं, हे सगळं फुटकळ. फुटकळ आजारात माणूस महिन्याला थोडा थोडा खर्च होतो, त्याचा समारंभ करता येत नाही. तेव्हा साखर निघाली तर घाबरून गोळ्या सुरू करू नका. धीर धरा. मूत्रपिंडं जाईपर्यंत कळ काढा. डायलिसिस यादीत आहे.

माझ्या आत्यानं हे ऐकलं नाही. वय वर्षं 69, साखर जुनी. गुडघा दाखवायला एका खाजगी इस्पितळात गेलो. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "माँजी को एडमिट करना है?" आत्या म्हणाली, "नाही रे बाबा, गोळ्या लिहून घ्यायच्यात." लग्नाच्या पंगतीत फक्त ताक मागणाऱ्या पाहुण्याकडे बघतात, तसं त्यानं तिच्याकडे बघितलं. शिवाय तिचं कार्डच नव्हतं. ती गरिबीच्या यादीत नाही, आणि यादी न बघता कार्ड मिळतं ते 70 पूर्ण झाल्यावर. ही सोय ऑक्टोबर 2024च्या अखेरीस सुरू झाली. म्हणून वयाचं नियोजन करा. 69 वर्षं आणि 11 महिने हे वय फार धोक्याचं. या काळात जिना चढू नये, ओल्या फरशीवर पाय ठेवू नये, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत तळलेला गराडू कंद खाऊ नये.

मधल्या उत्पन्नाच्या मधल्या वयाच्या लोकांसाठी विधायकजींचा सल्ला वेगळा आहे: विमा घ्या, आत्मनिर्भर व्हा. आम्ही झालो. जुलै 2017 पासून त्या हप्त्यावर 18 टक्के जीएसटी भरला. म्हणजे सरकारवर बोजा नको म्हणून जो स्वतःची सोय करील त्यानं त्या सद्‌गुणाबद्दल सरकारला 18 टक्के द्यायचे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा हा कर शून्य झाला. त्या दिवशी चौकात 'बचत उत्सव' लागला, पेढे वाटले. मीही पेढा घेतला. आठ वर्षं आपल्या खुंटीवरची छत्री शेजाऱ्यानं वापरली आणि परत देताना वाजंत्री लावली, तर आपण काय तोंड वाकडं करायचं? नव्या करप्रणालीत गेलात तर या हप्त्याची वजावट मिळत नाही, तेवढं मात्र वाजंत्रीत ऐकू आलं नाही.

आणि भरती झालातच, तर खोली बघून घ्या. दिवसाला 5,000 रुपयांपेक्षा महाग खोली असेल तर तिच्यावर 5 टक्के जीएसटी आहे, जुलै 2022 पासून. आयसीयूवर नाही. तेव्हा कर वाचवायचा असेल तर प्रकृती अर्धवट सुधारू देऊ नये. बिघडवायची तर नीट बिघडवावी आणि आयसीयूत जावं. एखादा चार्टर्ड अकाउंटंट हे सांगायला फी घेईल, मी फुकट सांगतोय.

सरकारनं आरोग्यावर एकूण किती खर्च करावा, यावरही विधायकजींचं मत आहे: "सब हो रहा है." 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की 2025पर्यंत हा खर्च देशाच्या एकूण उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा. 2021-22चा हिशोब लागला तेव्हा तो 1.84 टक्के होता, आणि तेही करोनाच्या धावपळीचं वर्ष. आरोग्यावर देशात खर्च होणाऱ्या दर शंभर रुपयांतले 39 त्या वर्षी रुग्णाच्या स्वतःच्या खिशातून गेले. 2013-14 मध्ये 64 जात होते, हे विधायकजी आवर्जून सांगतात आणि ते खोटं नाही. उरलेल्या 39 रुपयांविषयी ते म्हणतात की थोडा धीर धरा.

धीर हेच औषध आहे, आणि त्याचा इंदुरी अनुभव आमच्या घरात आहे. आतोबा हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल 1991च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांची देणी 2023च्या डिसेंबरात सुटली, सुमारे 224 कोटी. मधली बत्तीस वर्षं काटकसरच ना? काटकसरीतला मोठा भाग आतोबांनी स्वतः उचलला, ते 2009 साली गेले. पैसे आत्याला वारस म्हणून मिळाले. त्या दिवशीच्या भाषणात विधायकजी म्हणाले की सरकार गरिबाचा एक पैसाही ठेवत नाही. ठेवला नाहीच. बत्तीस वर्षांनी दिला.

बाकी सरकारी खर्चाचं फार वाटून घेऊ नका. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत साडेअकरा किलोमीटर बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेला रस्ता, 2013 साली सुरू झाला तेव्हा तो विकास होता. 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं तो काढायला घेतला तेव्हा तोही विकास. एकाच रस्त्यावर दोनदा विकास करणारं शहर स्वच्छतेतच पहिलं येतं असं नाही.

आता अहिल्यादेवी. विधायकजींचं प्रत्येक भाषण त्यांच्यापासून सुरू होतं, तिनशेव्या जयंतीपासून तर जास्तच. हे ऐकताना मान डोलवा, पण होळकरांच्या दप्तरात डोकावू नका. तिथे दोन शब्द सापडतात: दौलत आणि खासगी. दौलत म्हणजे राज्याचा खजिना. खासगी म्हणजे घराण्यातल्या राणीचा स्वतःचा. काशीपासून रामेश्वरापर्यंत बाईंचे जे घाट, देवळं, अन्नछत्रं सांगितली जातात, त्यांचा मोठा भार खासगीवर होता. खासगीवर त्यांनी तुळशीपत्र ठेवलं, असं इथली म्हातारी माणसं सांगतात. म्हणजे स्वतःच्या पैशावर पाणी सोडलं. आपल्याकडे तुळशीपत्राची परंपरा टिकून आहे, नाही असं नाही. आता फक्त ते हलवायाच्या घरावर ठेवलं जातं. खर्च दौलतीतून, नाव खासगीचं: 'विधायकजी के अथक प्रयासों से'. मी एकदा सुलभ शौचालयापाशी थांबून तो फलक नीट वाचला. अथक प्रयास शब्दशः होता.

हे सगळं आत्याला समजावून सांगितलं, काना, दौलत, खासगी. ती निवडत असलेल्या मेथीवरून मान वर न करता म्हणाली, "मग तू मत कुणाला देतोस?" असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. तिला म्हटलं, मीठ कमी घाल.

परवा ती 70ची झाली. कार्ड तयार झालं आणि दुपारी विधायकजींच्या कार्यालयातून फोन आला. आवाज अतिशय अदबशीर. रविवारी वॉर्डात कार्यक्रम आहे, कार्ड विधायकजींच्या हस्ते मिळेल, माताजींनी अकराला यावं. साडी फिकट रंगाची नेसावी, कारण मागचा बॅनर गडद आहे. फोटो साधारण साडेबाराला होईल, आधी भाषण आहे.

आत्यानं फोन माझ्या हातातून घेतला.

"येते की. पण भाषणाआधीच फोटो काढून मला सोडता का? औषधाचं दुकान एकला बंद होतं, आणि साखरेच्या गोळ्या कालच संपल्यात."