थंडीत डिझेल पिकअप 'मरते' म्हणे

एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. थोडक्यात असा: कडाक्याच्या थंडीत डिझेल पिकअप घेऊच नका, शून्याखाली गेलं की डिझेल गोठतं आणि गाडी स्टार्ट घेत नाही, घेतलीच असेल तर टाकीत थोडं पेट्रोल मिसळा, सकाळी अर्धा तास आयडलवर (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू) ठेवा, आणि डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते युरियाचं पाणी) गोठलं तर गाडी गेलीच समजा. खाली लोकांचे अंगठ्यावर अंगठे. अरे पण जिथे पारा उणे ३० ला जातो तिथले ट्रक, ट्रॅक्टर, रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या गाड्या, सगळं डिझेलवरच चालतं ना?

शून्याला पाणी गोठतं, डिझेल नाही. डिझेलमध्ये पॅराफिनचं मेण विरघळलेलं असतं. थंडी वाढली की ते आधी गढूळ दिसायला लागतं, आणखी खाली गेलं की मेणाचे कण फिल्टरच्या कागदावर जमतात. टाकीतलं डिझेल अजून ओतलं तर वाहतंय, पण फिल्टर चोक, आणि इंजिन चालू होऊन दोन मिनिटांत बंद पडतं. हे नेमकं किती तापमानाला होणार ते डिझेलच्या ग्रेडवर असतं. युरोपच्या ईएन ५९० स्टँडर्डमध्ये फिल्टर चोक होण्याची मर्यादा ग्रेडप्रमाणे अधिक ५ पासून थेट उणे ४४ पर्यंत जाते. थंड भागातले पंप हिवाळ्यात डिझेल बदलतात. मग अडकतो कोण? तर ज्याची टाकी मोठी आणि गाडी कमी चालते तो, कारण गरम दिवसांत भरलेलं डिझेल ऐन थंडीतही टाकीतच असतं. किंवा उबदार भागात टाकी फुल करून थेट बर्फात जाणारा. अँटी-जेल, म्हणजे मेण जमू नये म्हणून डिझेलमध्ये मिसळायचं औषध, टाकायचं तर मेण जमायच्या आधी टाका, नेहमीचं अँटी-जेल जमलेलं मेण परत विरघळवत नाही. आणि बऱ्याचदा 'डिझेल गोठलं' म्हणतात तेव्हा फिल्टरमध्ये साठलेलं पाणी गोठलेलं असतं, डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरचा खालचा नळ महिनोन्महिने कुणी उघडलेलाच नसतो.

आता स्टार्टिंग. इथे मेसेजवाल्याचं निम्मं बरोबर आहे. डिझेलला स्पार्क नसतो, हवा दाबून जी उष्णता तयार होते तिच्यावर सगळा खेळ, आणि गारठलेलं लोखंड तीच उष्णता खातं. म्हणूनच तर हीटर प्लग दिलेत, काही इंजिनांत त्याऐवजी आत जाणारी हवाच तापवणारा ग्रिड हीटर असतो. चावी फिरवली की डॅशवर पिवळी स्प्रिंगसारखी खूण पेटते, ती विझेपर्यंत थांबायचं, मगच सेल्फ मारायचा. हे न करता घर्र घर्र करत बसायचं आणि शिव्या डिझेलला. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा बॅटरी. उणे १८ ला बॅटरीची ताकद साधारण निम्म्यावर येते, मोठ्या डिझेल पिकअपला दोन बॅटऱ्या देतात त्या उगाच नाही, आणि बदलायच्या तर दोन्ही एकदम, नाहीतर जुनी नवीला पण खाली ओढते. वर इंजिनात ऑइल १५डब्ल्यू-४०. त्यातल्या १५डब्ल्यूची थंडीत फिरण्याची टेस्ट उणे २० ला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. बाहेर उणे २८ असताना १५ वालं ऑइल ठेवलं तर सेल्फ रडणारच. ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर, लावा, तीन-चार तास पुरतात, टायमर घाला, रात्रभर लावून फक्त विजेचं मीटर पळतं.

पेट्रोल मिसळायचा सल्ला तर आगीतून फुफाट्यात. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये थोडं पेट्रोल चालेल असं लिहिलेलं असायचं, ते खरंय. पण आत्ताच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जोरात डिझेल देणाऱ्या सिस्टीममध्ये, प्रेशर २००० बारच्या आसपास, आणि त्या पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. पेट्रोलने ते वंगण जातं, पंप घासून त्याचा कीस इंजेक्टरपर्यंत पोचला की पूर्ण फ्युएल सिस्टीम बदला. रॉकेलने मेण जमायचं तापमान खाली येतं हे मान्य, पण त्यातही वंगण कमी, आणि कमी सल्फरवालं नसेल तर सायलेन्सरमधल्या फिल्टर-कॅटॅलिस्टची वाट. सरळ विंटर ग्रेड भरा ना.

अर्धा तास आयडल म्हणजे तर उलटीच गंगा. आयडलवर डिझेल इंजिन इतकं थोडं इंधन जाळतं की कडक थंडीत ते धड गरमच होत नाही. अर्धवट जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं, काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे सायलेन्सरमधल्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, भरते. दोन-चार मिनिटं द्या, काच साफ होऊ द्या, मग हळूच निघा, लोडवरच ते तापतं.

डीईएफ उणे ११ ला गोठतं, हो. पण हे गाडी बनवणाऱ्यांना माहीत असतं हो! टाकीत हीटर असतो, ते वितळेपर्यंत इंजिन चालू राहतं, वितळल्यावर ते पूर्वीसारखंच कामाला येतं. मागे हौद्यात ठेवलेला कॅन मात्र काठोकाठ भरू नका, गोठताना फुगतं ते.

खरं कारण मेसेजवाल्याला दिसलंच नाही. तुमचं रोजचं जाणं पाच-सात किलोमीटर असेल, ओढायला काही नसेल, तर थंड भागात डिझेल पिकअप खरंच घेऊ नका. इंजिन तापायच्या आत तुम्ही पोचलेले असता, डीपीएफचं रीजनरेशन (साठलेली काजळी जाळून टाकणं) अर्धवट राहतं, केबिनमध्ये कुडकुडत बसायचं ते वेगळंच. ट्रेलर ओढायचाय, लांब जायचंय, तर बिनधास्त घ्या. फक्त पुढे जड इंजिन आणि मागे रिकामा हौदा, त्यामुळे बर्फावर मागची चाकं फिरतात, तेव्हा मागच्या अ‍ॅक्सलच्या वर वाळूची पोती घट्ट बांधा आणि विंटर टायर घाला, फोर बाय फोर फक्त निघायला मदत करतं, थांबायला नाही.