पोलीस पाठलागाच्या फॉरवर्डबद्दल खुलासा
दांडिया बाजारातल्या आपल्या ग्रुपवर कालपासून फिरतंय की अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पोलिसांना गाडीचा पाठलाग करायला बंदी केलीय. असं काही नाहीये हो! उलट २००७ च्या स्कॉट विरुद्ध हॅरिस केसमध्ये, जॉर्जियात स्पीडिंगवरून सुरू झालेल्या पाठलागात पोलिसाने मागून धक्का मारून गाडी उडवली, ती चालवणारा पोरगा जन्माचा अपंग झाला, तरी कोर्टाने ८-१ने पोलिसाला योग्य ठरवलं, कारण त्या पोराच्या ड्रायव्हिंगने रस्त्यावरच्या बाकीच्यांचा जीव धोक्यात होता (मला नाही पटत, नुसत्या स्पीडिंगसाठी?). हां, कित्येक पोलीस खात्यांनी स्वतःच नियम कडक केलेत, गंभीर गुन्हा असेल तरच पाठलाग. बहुतेक तिथूनच हे 'बंदी' प्रकरण आलं असणार.