बोर्गुंडच्या चर्चचं नाव घेऊन मंडपाचे खांब गाडू नका

आमचे मोठेबाबा मारोतीच्या देवळाच्या कमिटीत आहेत, परवा त्यांनी मोबाईलच माझ्यासमोर धरला, "पाह्य बरं हे." मेसेज असा की नॉर्वेतलं बोर्गुंडचं लाकडी चर्च साडेआठशे वर्षं उभं आहे, खांब जमिनीत खोल गाडलेत, एक खिळा नाही, कधी दुरुस्ती नाही, काळं ऑइल मारलं की लाकूड अमर, तुमच्या गावच्या देवळालाही हेच करा. आणि कमिटी खरंच सागवानी सभामंडपाचे खांब सिमेंटात गाडायला निघाली, गवंडीही सांगून झाला.

खांब गाडलेले नाहीत हो! हीच गोष्ट उलटी सांगितली आहे. तिकडं आधी खांब जमिनीतच पुरायचे, ते बुडाशी सडले, मग बाराव्या शतकाच्या सुमारास दगडावर आडव्या तुळया टाकून त्यावर खांब उभे करायला लागले, आणि तीच चर्चं टिकली. बोर्गुंडचं 1180 च्या आसपासचं, तेही दगडावरच आहे. आपल्या मंडपाचे खांब कशावर आहेत? दगडी तळखड्यावर. म्हणजे आपल्या जुन्या सुतारानं हेच केलं होतं, अन् आपण ते तोडून लाकूड सिमेंटात कोंबणार, पावसाळ्यात पाणी आत मुरणार, बाहेर यायला जागा नाही, बूड आतल्या आत कुजणार.

दुरुस्ती नाही म्हणे. नॉर्वेत अशी 28 चर्चं उरलीत आणि तिथल्या सरकारच्या वारसा खात्यानं 2001 ते 2015 असा कार्यक्रमच चालवला त्यांच्या दुरुस्तीसाठी, सडलेलं लाकूड बदललं, छपरं नीट केली. पंधरा वर्षं काय नुसते फोटो काढत होते?

खिळ्याचं बरंचसं खरं आहे, सांगाडा खाचा-खुंट्यांवरच उभा आहे. काळ्या रंगाचंही अर्धं खरं, पण ते पाइनच्या लाकडापासून काढलेलं डांबर असते आणि ते पुन्हा पुन्हा लावावं लागते. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल नाही ते! शिवाय नॉर्वेच्या थंडीत उधई नाही, आपल्याकडं काळ्या मातीतून ती थेट खांबात चढते, आणि खांब जमिनीत असला की ती चढलेली दिसतही नाही.

मोठेबाबा, गवंड्याला थांबवा. आधी तळखड्यांवर चढलेली माती खुरप्यानं काढू, छपराचं पाणी कोणत्या खांबावर पडते ते पाहू, मग जुन्या कामाचा सुतार आणू, मी येतो संगं.