जे काही करायचं ते रुंदीत

न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं हे घर दाखवताना एजंट 'सॉलिड हार्डवुड' असं म्हणाला, की आचाऱ्याने 'साजूक तूप' म्हणावं. आम्ही विरघळलो. पाऊण इंच जाड, सव्वादोन इंच रुंद लाल ओकच्या फळ्या, हॉलपासून थेट स्वयंपाकघरापर्यंत सगळी जमीन लाकडी.

बूट घालून घरभर हिंडणाऱ्यांना वर्षभर पत्ता लागला नसता. आमच्या चपला दाराशी, त्यामुळे ऑगस्टमध्ये पहिली बातमी तळपायांना लागली. प्रत्येक फळीच्या कडा वर आणि पोट खाली. मुलाच्या गोट्या कुठूनही सोडल्या तरी सरळ रेषेत धावू लागल्या. सत्यनारायणाचा चौरंग डुगडुगायला लागला. गुरुजी अनुभवी, त्यांनी एका पायाखाली पेपरची घडी सरकवली आणि पुढचा मंत्र घेतला.

संशयित तयारच होता. आई साताऱ्याहून आली होती आणि तिच्या मते बादलीभर पाणी आणि फिनेल याशिवाय जमीन पुसली असं म्हणता येत नाही. पुण्याच्या काकांनी व्हिडिओ कॉलवर पाहणी करून निकाल दिला: "शहाबादी टाका." न्यू जर्सीत शहाबादी कुठे मिळते, हा प्रश्न त्यांनी किरकोळ ठरवला.

मग फ्लोअरवाला आला. गुडघ्यावर बसला, आईच्या बादलीकडे बघून एक सुस्कारा सोडला आणि खिशातून दोन सुयांचं मीटर काढून फळीला टोचलं. ओकला साधारण 6 ते 9 टक्के ओलावा मानवतो. बादलीच्या कोपऱ्यात 9 निघाला, फ्रिजपाशी 17. फ्रिज ओढला तर मागे बर्फाच्या मशीनला पाणी पुरवणारी करंगळीहून बारीक नळी थेंब-थेंब गळत होती. पाणी फळ्यांच्या खाली शिरलं, खालची बाजू फुगली, वरची कोरडीच राहिली, म्हणून कडा उचलल्या. आई निर्दोष सुटली. तेव्हापासून घरात काहीही बिघडलं की ती आधी म्हणते, "फ्रिजमागे बघा."

फ्लोअरवाल्याने गणितही सांगितलं. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, जे काही करायचं ते रुंदीत. (आमच्या घराण्यातही हेच आहे.) 15 फूट रुंद खोलीत अशा 80 फळ्या. प्रत्येक फळी इंचाचा फक्त चौसष्टावा भाग फुगली तरी एकूण सव्वा इंच. त्यासाठी भिंतीकडेला पट्टीखाली पाऊण इंच फट ठेवलेली असते. ती संपली की फळ्या जमीन सोडून तंबूसारख्या वर उठतात.

"आमचं अजून तिथवर गेलेलं नाही ना? मग उपाय काय?"

"नळी बदला. डिह्युमिडिफायर लावा. थांबा."

"किती?"

"काही महिने."

मी म्हटलं, आताच घासून सपाट करून टाका. तो दचकलाच. ओल्या फळीच्या उचललेल्या कडा घासल्या, तर वाळल्यावर त्याच कडा खाली बसतात आणि मधला भाग उंच राहतो. म्हणजे आज पन्हाळी, उद्या टेकड्या. एवढं सांगून त्याने भेटीचे पैसे घेतले. काहीही न करण्याचा सल्ला मी आयुष्यभर फुकट देत आलोय.

विमा कंपनीच्या बाईंनी फोनवर एकच गोष्ट खोदून विचारली: पाणी अचानक आलं की हळूहळू झिरपलं? अचानक आलेल्या पाण्याला पैसे मिळतात, आठवडेच्या आठवडे झिरपलेल्याला नाही. मी घुटमळलो. बायको कुजबुजली, "अचानक म्हण." फोन स्पीकरवर होता. बाईंना मराठी येत नव्हतं, पण सूर जागतिक होता.

डिह्युमिडिफायर रात्रंदिवस घरघरत राहिला. त्याचं भांडं उपसून ते पाणी झाडांना घालण्याचं खातं आईने आपणहून घेतलं. दिवाळीपर्यंत फळ्या खरोखरच बसल्या. गोट्या पुन्हा वाटेल तशा भरकटू लागल्या. बायकोने टाइल्सचं कॅटलॉग कपाटात टाकलं, फेकलं मात्र नाही.

मग थंडी पडली. हीटर सुरू झाला, घरातली हवा खडखडीत कोरडी झाली आणि फळ्याफळ्यांमध्ये फटी पडल्या. पोह्यांच्या फोडणीतली निम्मी मोहरी त्यांत जाऊन बसली. मी फ्लोअरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, हिवाळ्यात होतंच, लाकूड आकसतं. ह्युमिडिफायर लावा आणि उन्हाळ्यापर्यंत थांबा.

"म्हणजे आधी हवेतलं पाणी काढायचं यंत्र, आता घालायचं यंत्र," आई म्हणाली. "आणि हा माणूस नक्की करतो काय?"