जंगलातल्या गावासाठी प्रोजेक्ट करताय? मग अर्धे मार्क पावसाळ्यानंतर द्या

नागपुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये फायनल इयरचे विषय ठरून राहिलेत, आणि 'आदिवासी भागासाठी सोलर अमुक' अशी नावं यंदाही ऐकू येतात. मला याचा मनापासून आनंद होतो. आपली पोरं गडचिरोली, मेळघाटचा विचार करतात ही लहान गोष्ट नाही. पण ते यंत्र बिघडलं तर गावातलं कोण दुरुस्त करणार, हे आधी ठरलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

पेरूमध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलात न्युएव्हो सापोसोआ म्हणून शिपिबो लोकांचं गाव आहे, २०१५ च्या पुरात तिथली वीज गेली, रात्री रॉकेलचे दिवे अन् घरभर धूर. लिमाच्या युटेक विद्यापीठातल्या पोरांनी आणि प्राध्यापकांनी रोपावर चालणारा दिवा बनवला. रोपाचा जो सेंद्रिय कचरा मातीत उतरतो तो जिओबॅक्टर जातीचे जीवाणू खातात, त्यात इलेक्ट्रॉन सुटतात, ते पकडून बॅटरी चार्ज होते आणि एलईडी दोनेक तास चालतो. असे १० दिवे गावात दिले. कल्पना जबरदस्तच आहे, माती तिथलीच, रोपं तिथलीच! पण बॅटरी गेली तर?

याचं उत्तर मला इक्वाडोरच्या जंगलातल्या अचुआर आदिवासींकडे दिसतं. तिथे २०१७ पासून नदीवर 'तापियात्पिया' ही सोलर बोट चालते, छपरावर ३२ पॅनल, १८ माणसं बसतात. पेट्रोल तिकडे फार महाग, अन् रस्ता आला की मागोमाग लाकूडतोड येते म्हणून नदीच बरी. मुख्य म्हणजे अचुआर पोरांनाच ट्रेनिंग देऊन टेक्निशियन केलंय.

आता आपल्याकडचं सांगतो. मोहफुलाच्या सीझनमध्ये पहाटेच बाया टोपल्या घेऊन निघतात, फूल नीट दिसावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तीच आग कधी कधी जंगलात पसरते. झाडाखाली नुसती जाळी बांधली तरी जाळायची गरज राहत नाही, फूलही स्वच्छ मिळतं. मध्य प्रदेश, छत्तीसगडमध्ये काही ठिकाणी हे करतात. फूल वाळवणं मात्र कटकटीचं, ओल राहिली की काळं पडतं अन् व्यापारी भाव पाडतो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या एका गावात मी पोरांनी बनवलेला सोलर ड्रायर पाहिला. आतला छोटा पंखा बंद, त्याचा कनेक्टर जवळपास कुठे मिळेना. मग बायांनी आतले जाळीचे ट्रे काढले, चार विटांवर ठेवले आणि अंगणातच फुलं वाळवून राहिल्या होत्या, खालून हवा लागते ना! पोरांनी ते बघायला हवं होतं, पुढचं डिझाइन तिथेच तयार होतं. पण सबमिशन झालं, पोरं पास झाली, परत कोणी आलंच नाही.

त्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला, तिथे आधी अभ्यास गटात चर्चा होते अन् मग ग्रामसभा सगळ्यांच्या सहमतीने ठरवते. प्रोजेक्टचा विषयही असाच गावासमोर मांडा की, आणि बायांना आधी बोलू द्या, वापरणार त्याच आहेत.

कॉलेजांना माझी विनंती आहे, अर्धे मार्क सबमिशनला द्या, उरलेले एक पावसाळा गेल्यावर. यंत्र चालू आहे का, गावातल्या कोणाला ते खोलून जोडता येतं का, पार्ट तालुक्याच्या बाजारात मिळतो का, हे ग्रामसभेला विचारून द्या. त्यासाठी प्रोजेक्ट सहाव्या सेमिस्टरलाच सुरू करावा लागेल, आणि जाण्यायेण्याचा खर्च कॉलेजने उचलावा, पोरांच्या खिशातून नको.