मोर्चा दराविरुद्ध, चूक मोजमापात

घरपट्टीच्या फेरआकारणीच्या नोटिसा घरोघरी पडल्या की पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर नोटिशींचे फोटो फिरतात, मग सर्वपक्षीय बैठक, मग महापालिकेवर मोर्चा, आयुक्तांना निवेदन आणि निवडणूक तोंडावर असेल तर थेट मंत्रालयातून स्थगिती. स्थगिती आली की फटाके. पुढे कधीतरी ती गुपचूप उठते, थकबाकीसकट बिल येतं आणि तोवर हरकत घ्यायची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते.

माझं म्हणणं एवढंच आहे की मोर्चाला जरूर जा, पण आधी हरकतीचा अर्ज देऊन त्याची पोच खिशात घाला. मोर्चा असतो दराविरुद्ध. तुमचं भांडण मात्र बऱ्याचदा दराशी नसतंच, ते तुमच्या घराच्या मोजमापाशी आणि वापराच्या नोंदीशी असतं. त्यावर कुठलाही पुढारी भाषण करणार नाही, कारण ती चूक तुमच्या एकट्याच्या घराची असते आणि एका घरात मतं किती असणार!

आता गणित. राज्यातल्या बऱ्याच महापालिकांत घरपट्टी ठरते ती वार्षिक करपात्र मूल्यावर. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, म्हणजे मूळचा 1949 चा मुंबई प्रांतिक कायदा, सांगतो की ही इमारत वर्षभर भाड्यानं दिली तर वाजवी भाडं किती येईल ते काढा आणि दुरुस्तीपोटी त्यातले दहा टक्के वजा करा. उरलं ते करपात्र मूल्य. समजा तुमचं घर 750 चौरस फूट आणि तुमच्या भागाला महिन्याचा दर चौरस फुटाला 2 रुपये लावलाय. वर्षाचे झाले 18,000, दहा टक्के गेले की 16,200. आता तेच घर कागदावर 900 फूट लागलं तर आकडा होतो 19,440. सगळे कर मिळून 40 टक्के धरले तर वर्षाला जवळपास 1,300 रुपये जास्त. रक्कम मोठी वाटत नाही, म्हणूनच कुणी उठून जात नाही. पण ती दरवर्षी लागते आणि थकली तर वर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड.

बिलात खाली करांची जी लांबलचक यादी असते, त्या प्रत्येक ओळीला हेच करपात्र मूल्य गुणलेलं असतं. सर्वसाधारण कर, अग्निशमन कर, वृक्ष कर, मलप्रवाह कर, सगळ्यांना. शिक्षण कर तर 1962 च्या कायद्यानं राज्य सरकारचा, महापालिका फक्त वसूल करून देते. त्यामुळे सुनावणीत ‘आमच्या गल्लीत दिवा नाही, मग कर कशाचा’ असं म्हणणाऱ्याचा राग अगदी खरा असतो, पण त्या टेबलावर त्याचा उपयोग शून्य. तिथे बोलायचं ते क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वर्ष आणि वापर यावर.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंची गोष्ट सांगतो. नोटिशीत आकडा एकदम दुपटीच्या वर गेला होता. त्यांनी डोक्याला हात न लावता आधी अर्ज टाकून मोजणीच्या तक्त्याची नक्कल काढली. (ही नक्कल आपणहून कुणी देत नाही, मागावी लागते, वेळ पडली तर माहितीच्या अधिकारात.) तक्ता बघितला तर दोन गोष्टी दिसल्या. पुढच्या खोलीला शटर आहे म्हणून ती ‘बिगरनिवासी’ धरलेली. तिथे काकांचं दुकान होतं हे खरं, पण ते बंद होऊन कैक वर्षं झाली, आता आत नातवाची स्कूटर, गहू भरायची कोठी आणि गणपतीचं मखर. दुसरी गंमत मागच्या खोलीची. खोली 13 फूट रुंद, तक्त्यात 18. कुणाच्या तरी अक्षरात तिनाचा आठ झाला होता आणि संगणकात भरणाऱ्यानं तो तसाच भरला.

सर्वेक्षणाला आलेल्या पोरांना मी फार दोष देत नाही. ठेकेदाराची माणसं, घरामागे पैसे, दुपारची वेळ, निम्मी घरं कुलूपबंद. मग बाहेरून अंदाज. पण कर बसवणाऱ्या कार्यालयानं तो अंदाज तपासायला नको?

सुनावणीला मी काकूंबरोबर गेलो होतो. रांगेत आमच्या पुढच्या गृहस्थांना साहेबांनी विचारलं, हरकत काय? ते म्हणाले, कर फार जास्त आहे. ‘सगळ्यांनाच जास्त वाटतो. पुढचे.’ खेळ संपला. काकूंनी मात्र टेबलावर मंजूर नकाशा ठेवला, शेजारी घराच्या मोजमापांचं वहीच्या कागदावर काढलेलं चित्र, दुकानाचा परवाना रद्द केल्याचा कागद, विजेचं घरगुती दराचं बिल आणि शटर उघडून काढलेला फोटो. म्हणाल्या, ‘साहेब, दर तुमचा तुम्ही ठरवा. माझी खोली तेरा फुटांचीच आहे, ती तेवढी तेरा लिहा.’ साहेब हसले, निरीक्षकाला हाक मारली आणि तिथल्या तिथे फेरमोजणीचा शेरा मारला. सुधारित नोंद व्हायला बराच काळ गेला, खेटे घालावे लागले, पण झाली.

हरकत फेटाळली तर पुढे काय, हे मात्र नोटिशीवर ठळक कुठे छापत नाहीत. अधिनियमाच्या कलम 406 खाली न्यायाधीशांकडे अपील करता येतं. मुदत पंधरा दिवस. त्याला दोन मोठ्या अटी आहेत. एक, आधी आयुक्तांकडे रीतसर तक्रार केलेली असली पाहिजे आणि तिचा निकाल लागलेला असला पाहिजे. म्हणजे ज्यानं नोटिशीच्या वेळी अर्जच दिला नाही, त्याचं दार तिथेच बंद. दोन, वादातली कराची रक्कम आधी महापालिकेकडे भरायची. बड्या मिळकतदाराचा वकील ती भरून मोकळा होतो. पेन्शनवर जगणाऱ्यानं काय करावं? त्यातून पहिली तक्रार ऐकणारे अधिकारी आयुक्तांच्याच हाताखालचे. ज्यांच्या विभागानं मोजलं, त्यांच्याच विभागानं चूक झाली का ते सांगायचं. ही रचना मला पटत नाही. निदान छोट्या घरांना रक्कम भरण्याच्या अटीतून सूट हवी.

नगरपालिकांचा कायदा वेगळा, 1965 चा. तिथे चार वर्षांनी आकारणी यादी नव्यानं होते, हरकती प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकाऱ्यापुढे चालतात आणि वर अपील समिती असते. खेड्यात ग्रामपंचायतीच्या आकारणीवर पंचायत समितीकडे अपील होतं. बहुतेकांना हे माहीतच नसतं, कारण गावात सरपंचाच्या ओट्यावरच सगळं मिटवायची पद्धत.

मुंबईकर म्हणतील, आमचं भाड्यावर नाहीच. खरंय, तिथे 2010 पासून भांडवली मूल्य आहे. रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या जमीन-घरांच्या भावाच्या तक्त्यातला, दर घ्यायचा आणि त्याला वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय अशा भारांकांनी गुणायचं. त्या नियमांतले काही नियम उच्च न्यायालयानं 2019 मध्ये रद्द केले आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम ठेवलं. मुद्दा असा होता की जमिनीवर उद्या किती बांधता येईल यावर आज कर लावता येणार नाही, आजची स्थिती बघा. हे दराचं नव्हे, मोजण्याच्या रीतीचं भांडण होतं आणि ते मोर्चानं नाही, कागदानं जिंकलं. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मिळालेली माफी ही राजकीय देणगी. ती गोडच आहे, पण ज्याचं 490 फुटांचं घर 510 लागलंय त्याला विचारा मोजमाप म्हणजे काय ते.

पुण्याचंही बघा. मालक स्वतः राहत असलेल्या घराला 40 टक्के सवलत 1970 पासून चालू होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि ती काढली गेली. आरडाओरडा झाला, 2023 मध्ये राज्य सरकारनं ती परत दिली. पण 1 एप्रिल 2019 नंतर आकारणी झालेल्या घरांना त्यासाठी पीटी-3 अर्ज भरून, आपण इथेच राहतो याचा पुरावा जोडून द्यावा लागला. सवलत परत आली म्हणून पेढे वाटणाऱ्यांत किती जणांनी तो अर्ज भरला होता, देव जाणे.

आणखी एक, जे बोललेलं लोकांना आवडत नाही. ज्यांचं मोजमाप कमी लागलंय ते सगळे गप्प असतात. चढवलेला मजला नोंदीत नाही, तळमजल्यावर क्लास चालतो आणि नोंद निवासी, अशी घरं आपल्याच ओळखीत असतात. मोर्चात पुढे घोषणा देणारेही कधीकधी तेच. सरसकट स्थगितीचा सगळ्यात मोठा फायदा त्यांना होतो, काकूंना नाही.

म्हणून यंदाच्या निवेदनात ‘अन्यायकारक करवाढ रद्द करा’ ही मागणी दुसऱ्या क्रमांकावर टाका. पहिली मागणी अशी हवी की प्रत्येक नोटिशीच्या पाठीमागे त्या घराचा मोजणी तक्ता, लावलेला दर आणि धरलेला वापर छापा, म्हणजे माणूस घरातच टेप लावून बघेल. मसुदा मी लिहून द्यायला तयार आहे. मोर्चा काढणाऱ्या कृती समितीनं अजून बोलावलेलं नाही.